उत्तर मुकुटातला तारा अजून भडकला नाही... आणि हे 'सहजीवी तारे' म्हणजे नक्की काय हो?

गच्चीवरची_बाज | १९ एप्रिल २०२५, रात्री ११:४८

मंडळी नमस्कार. नागपूर चव्वेचाळीसच्या वर गेलं आणि आमची बाज गच्चीवर गेली, दरवर्षीचंच आहे. खाली कूलर नुसता दमट वारा फेकून राहिला आणि लाइट गेली की तोही नाही. तर मुद्दा असा की मागच्या वर्षी ते व्हॉट्सअॅपवर फिरत होतं न, "आयुष्यात एकदाच दिसणारा तारा, सप्टेंबरपर्यंत फुटणार, चुकवू नका", तेव्हापासून मी आणि माझी नववीतली पोरगी, आम्ही दोघं झोपायच्या आधी उत्तर मुकुट हा तारकासमूह बघतो, तो 'टी' नावाचा तारा त्यातलाच. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, मग कोणीतरी २७ मार्च ही तारीख काढली, तीही गेली. माझ्याजवळ १० बाय ५० ची जुनी दुर्बीण आहे, त्यातून तिथं काहीच दिसत नाही.

पण खरा प्रश्न पोरीचा. तिनं कुठंतरी वाचलं की हा तारा 'सहजीवी' प्रकारातला आहे. शाळेत सहजीवनाचं उदाहरण म्हणून त्यांना दगडफूल शिकवलं, म्हणजे बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात आणि दोघांचाही फायदा होतो. (आपल्या सावजी मसाल्यात पडतं तेच दगडफूल, हे सांगितल्यावर तिनं दोन दिवस रस्सा खाल्ला नाही.) तर ती म्हणते, बाबा, ताऱ्यांना कसला फायदा? मी काय सांगणार, माझं कॉमर्स. कोणी नीट सांगेल का?

---

अवकाशवेडी | २० एप्रिल, सकाळी ७:१५

प्रश्न भारी आहे तुमच्या मुलीचा, कारण या नावानं भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

थोडं मागून सांगते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की जो पट्टा मिळतो तो वर्णपट, आणि त्यातल्या रेषा बघून ताऱ्याचं तापमान कळतं. १९३०च्या दशकात माउंट विल्सन वेधशाळेत पॉल मेरिल नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांना आणि इतरांना काही विचित्र तारे सापडले. त्यांच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे होते. हा रेणू फक्त थंड ताऱ्यांतच टिकतो, साधारण ३-४ हजार केल्विनच्या वर गेलं की तुटतो. आणि त्याच वर्णपटात, त्याच जागी, आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हेलियमच्या झगझगीत रेषा! त्यासाठी ५० हजार केल्विन किंवा त्याहून तापलेलं काहीतरी लागतं. म्हणजे एकाच ताटात बर्फाचा गोळा आणि उकळता रस्सा. मेरिलनं १९४१च्या सुमारास यांना सहजीवी म्हणायला सुरुवात केली, शब्द उचलला जीवशास्त्रातून. त्याच्या समोर जे होतं ते एवढंच, की दोन विरुद्ध स्वभावाच्या गोष्टी एका वर्णपटात एकत्र नांदताहेत. फायद्या-तोट्याचा हिशोब त्यात नव्हताच.

तेव्हा हेही नक्की नव्हतं की हे दोन तारे आहेत. काही जण म्हणायचे एकच विचित्र तारा आहे. पुढे उपग्रहांवरून, विशेषतः १९७८ साली सोडलेल्या आययूई उपग्रहातून, अतिनील किरणांत बघता आलं तेव्हा तो गरम जोडीदार स्पष्ट हाती लागला. बहुतेक वेळा तो श्वेत बटू असतो, म्हणजे सूर्यासारखा तारा मेल्यावर उरलेला गाभा, आकार पृथ्वीएवढा पण वस्तुमान सूर्याच्या तोडीचं. आणि दुसरा तांबडा राक्षसी तारा, म्हातारपणी फुगलेला.

---

महालचे_काका | २० एप्रिल, सकाळी ९:०२

म्हणजे मोठा थंड, लहान गरम. समजलं. आता मले सांगा लहाना मोठ्याचं खाऊन राहिला का नाही? मी कुठंतरी ऐकलं का तो त्याचा ग्यास ओढतो म्हणून.

---

अवकाशवेडी | २० एप्रिल, सकाळी ९:४०

हो काका, ओढतो. राक्षसी ताऱ्याचं बाहेरचं आवरण इतकं सैल असतं की ते आपोआपच वाऱ्यासारखं बाहेर वाहत असतं, आणि शेजारचा बटू त्यातलं जमेल तेवढं गोळा करतो.

---

महालचे_काका | २० एप्रिल, सकाळी ९:५५

मग याले तुम्ही सहजीवन म्हणता? हा तर किरायेदार झाला. आमच्या वाड्यात होता एक, १९७१ पासून, किराया बारा रुपये, वरून माडीच्या फळ्या काढून चुलीत घातल्या त्यानं. घरमालकाचं घर खाणारा किरायेदार. तारा असो का माणूस.

---

शुद्धलेखन_पुणे | २० एप्रिल, सकाळी १०:२०

काकांशी सहमत. मग मराठीत 'परजीवी तारे' असा शब्द रूढ करायला हवा. 'सहजीवी' हे निव्वळ भाषांतर आहे, अर्थाशी विसंगत.

---

अवकाशवेडी | २० एप्रिल, सकाळी १०:४१

रूढ करा, पण मग तो पुढचा भागही नावात बसवा, की या किरायेदारामुळे घरमालकाच्या अंगणात चोवीस तास दिवे लागतात. गरम जोडीदार लाखभर केल्विनवर तापलेला असतो, त्याचे अतिनील किरण राक्षसी ताऱ्याच्या त्या वाहत्या वाऱ्याला आयनीभूत करतात आणि सगळा वायू चमकायला लागतो. म्हणजे सामग्री मोठ्याची, वीज लहान्याची. एकट्या राक्षसी ताऱ्याभोवती असा तेजोमेघ नसता, आणि एकट्या बटूला तर कोणी विचारलंही नसतं. वर्णपटातल्या त्या झगझगीत रेषा या वायूच्याच. फायदा दोघांना नाही, पण दृश्य मात्र दोघांचं मिळून आहे, म्हणून मला नाव इतकं काही चुकलेलं वाटत नाही.

---

कूलर_दुरुस्ती | २० एप्रिल, दुपारी २:३०

माझा प्रॅक्टिकल प्रश्न. आत्ता एप्रिलमध्ये दिवसाला आठ-दहा कूलर उघडतो मी, वाऱ्याबद्दल थोडं कळते. वारा सगळीकडे जाते, शेजाऱ्याच्या खिडकीत किती जाईल, दोन टक्के? तेवढ्यावर त्या बटूचं भागते कसं?

---

निरीक्षक_२१उत्तर | २० एप्रिल, संध्याकाळी ६:१०

प्रश्न बरोबर. नुसत्या वाऱ्यावर थोडंच मिळतं. पण वारा मंद असेल, सेकंदाला १०-२० किमी, तर तो सरळ निघून जात नाही, जोडीदाराच्या ओढीनं त्याच्याकडे वळतो, मग हिस्सा बराच वाढतो. दुसरी पद्धत म्हणजे राक्षसी तारा इतका फुगतो की त्याची हद्दच संपते. दोन ताऱ्यांच्या ओढीमध्ये एक काल्पनिक सीमा असते, तिच्या पलीकडे गेलेला वायू दुसऱ्याचा. टाकी काठोकाठ भरली की ओव्हरफ्लो पाइपातून पाणी जातं तसं. उत्तर मुकुटातल्या टी ताऱ्यात हेच आहे. तिथला राक्षसी तारा या ओढीनं नासपतीसारखा लांबुळका झालाय, २२७.६ दिवसांत फेरी पूर्ण होते, आणि कधी त्याची रुंद बाजू कधी निमुळती बाजू आपल्याकडे येते म्हणून प्रत्येक फेरीत प्रकाश दोनदा थोडा वाढतो, दोनदा थोडा कमी होतो. हे घरच्या दुर्बिणीनंही मोजता येतं, लोक मोजतात.

---

कूलर_दुरुस्ती | २० एप्रिल, रात्री ९:१८

ओव्हरफ्लो! हे एकदम डोक्यात बसलं. बाकी ते लाखभर केल्विन वगैरे नाही बसलं, पण असू द्या.

---

मानेवाडा_एक्स्प्रेस | २२ एप्रिल, रात्री १:०७

फुटला रे फुटला!!!! मुकुटात एक जबरदस्त तारा दिसून राहिला, बाकीचे फिके आणि हा एकटा लख्ख. गच्चीवरून पाहतो आहे आत्ता. सगळ्यांना उठवा. मी पहिला का??

---

गच्चीवरची_बाज | २२ एप्रिल, रात्री १:१४

काय सांगता!! पोरीला उठवतो. थांबा.

---

निरीक्षक_२१उत्तर | २२ एप्रिल, रात्री १:१९

मुकुटाची जी वाटी आहे, तिच्यातच आहे का तो? तो अल्फेका, मुकुटातला सगळ्यात ठळक तारा. प्रत २.२ (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा ठळक). तो रोजच असतो. शहरात बाकीचे तारे दिसत नाहीत म्हणून तो एकटा वाटतो.

---

मानेवाडा_एक्स्प्रेस | २२ एप्रिल, रात्री १:२२

...ओके.

---

महालचे_काका | २२ एप्रिल, सकाळी ६:३०

पोट्ट्या, रात्री एक वाजता फोन वाजला, मले वाटलं कोणी गेलं.

---

निरीक्षक_२१उत्तर | २२ एप्रिल, सकाळी ८:०५

हसू नका त्याला, हे सगळ्यांचं होतं. निदान तो वर बघत होता. एकदा नीट ओळख करून घ्या. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक तसाच पुढं न्या, नारिंगी ठळक तारा येतो तो स्वाती. स्वातीपासून अभिजितकडे निघा, साधारण एक तृतीयांश वाटेवर अर्धगोल वाटी लागते, तो उत्तर मुकुट. आत्ता रात्री साडेअकराला पूर्व-ईशान्येला निम्म्या उंचीवर असतो, दोन-सव्वादोनला थेट डोक्यावर. नागपूर २१ अंश उत्तरेला, टी तारा २६ अंश उत्तरेला, म्हणजे फक्त पाच अंशांचा फरक. बाजेवर उताणं झोपून बघता येईल असा हा तारा आहे, मान मोडायची गरज नाही.

टी वाटीत नाहीच, जरा बाहेर आहे. वाटीच्या पूर्वेकडच्या टोकाजवळ एप्सिलॉन नावाचा चौथ्या प्रतीचा तारा आहे, त्याच्या दक्षिणेला जेमतेम एक अंशावर. नेहमीची त्याची प्रत १०. नुसत्या डोळ्यांना नाही, १० बाय ५० मधूनही शहरातून नाही. भडकला तर प्रत २ पर्यंत येतो. आठ प्रतींचा फरक म्हणजे प्रकाश जवळपास १६०० पट. तेव्हा मुकुटात एकाऐवजी दोन अल्फेका दिसतील. हीच खूण. दोन दिसले की मगच फोन करा, एक दिसला की झोपा.

---

अमरावतीकर | २२ एप्रिल, दुपारी १:४४

पण हे भडकणं का होतं? आणि ८० वर्षांनीच का? तो फॉरवर्ड तर म्हणत होता तारा नष्ट होणार.

---

अवकाशवेडी | २२ एप्रिल, दुपारी ४:२६

नष्ट होत नाही. नष्ट होतो तो अतिनवतारा, हा नुसता नवतारा. बटूच्या पृष्ठभागावर राक्षसी ताऱ्याकडून आलेला हायड्रोजन साचत जातो. बटूचं गुरुत्वाकर्षण भयंकर, त्यामुळे हा थर दाबला जाऊन तळाशी तापत जातो आणि एका क्षणी हायड्रोजनची अणुभट्टी पेटते. साध्या वायूत काय होतं, तापला की फुगतो, फुगला की थंड होतो, आपोआप आवर बसतो. इथं तळचा वायू इतका गच्च दाबलेला असतो की तापला तरी आधी फुगतच नाही. मग तापमान वाढलं की जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की तापमान आणखी वाढतं, आणि मग एकदम सगळा थर उडतो. तारा तिथंच असतो, वरचा पापुद्रा तेवढा जातो. मग साचणं पुन्हा सुरू.

८० वर्षं का, तर बटू जितका जड तितका आकारानं लहान (हो, उलटं आहे, श्वेत बटूंचं तसंच असतं), आणि जितका लहान-जड तितका कमी हायड्रोजन पेटायला पुरतो. टी मधला बटू चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या १.४ पटीच्या अगदी जवळ आहे, म्हणून सूर्याच्या वस्तुमानाच्या दशलक्षांशाच्या आसपासचा थरही त्याला बस होतो. हलक्या बटूंना हेच करायला हजारो वर्षं लागतात. माणसाच्या एका आयुष्यात दोनदा-तीनदा भडकणारे असे तारे आपल्या आकाशगंगेत अकराच्या आसपास माहीत आहेत.

---

अमरावतीकर | २२ एप्रिल, रात्री ८:०९

मर्यादेच्या जवळ आहे म्हणता, मग साचत साचत ओलांडली तर?

---

अवकाशवेडी | २२ एप्रिल, रात्री ८:५२

तर मग खरंच नष्ट, १ए प्रकारचा अतिनवतारा. पण दर स्फोटात आलेल्यापेक्षा जास्त उडतं की थोडं उरतं, यावर शास्त्रज्ञांचं भांडण चालू आहे. सहजीवी ताऱ्यांवर एवढी मेहनत घेतात त्याचं हे मोठं कारण. आणि घाबरू नका, टी आपल्यापासून सुमारे ३००० प्रकाशवर्षं लांब आहे.

---

शुद्धलेखन_पुणे | २२ एप्रिल, रात्री ९:३०

म्हणजे तो स्फोट मुळात ३००० वर्षांपूर्वीच होऊन गेलेला आहे आणि आपण केवळ बातमीची वाट पाहत आहोत.

---

महालचे_काका | २२ एप्रिल, रात्री ९:४१

आपल्या कोर्टाच्या निकालासारखं. लागलेला असते, प्रत मिळत नाही.

---

गच्चीवरची_बाज | २३ एप्रिल, रात्री ११:५६

काका 😂

आता तारखांचं काय? पोरगी मला रोज विचारते. या शास्त्रज्ञांनी आधी सप्टेंबर सांगितला, मग मार्च, हे हवामान खात्यासारखं झालं.

---

निरीक्षक_२१उत्तर | २४ एप्रिल, सकाळी ७:३३

तारीख देणाऱ्यांची बाजू समजून घ्या. नीट नोंदलेले स्फोट दोनच, १२ मे १८६६ आणि ९ फेब्रुवारी १९४६. त्याआधीचे १७८७ आणि १२१७ चे जुने उल्लेख आहेत, ते याच ताऱ्याचे असावेत असं अलीकडे मांडलं गेलं. १८६६ ते १९४६ म्हणजे पावणेऐंशी वर्षं, ती १९४६ मध्ये मिळवा, २०२५ च्या शेवटाला येतात. १९४६ च्या आधी तारा वर्षभर थोडा मंद झाला होता. २०२३ च्या वसंतात तो पुन्हा तसाच मंद झाला, म्हणून २०२४ म्हणाले. आणि २७ मार्चवाला हिशोब पॅरिसच्या एका शास्त्रज्ञाचा, तो २२७.६ दिवसांच्या फेऱ्या मोजतो, पुढची तारीख त्याच्या मते १० नोव्हेंबर २०२५. मला स्वतःला तो हिशोब पटत नाही. दोन ठिपक्यांतून कोणतीही रेष जाते.

पेल्टियरची गोष्ट सांगतो. लेस्ली पेल्टियर, अमेरिकेतला शेतकऱ्याचा मुलगा, हौशी निरीक्षक, डझनभर धूमकेतू शोधलेला माणूस. यानं टी वर २५ वर्षं नजर ठेवली. फेब्रुवारी १९४६ मध्ये एका रात्री अडीचचा गजर लावून उठला, आकाश स्वच्छ, पण घसा खवखवत होता, सर्दी होईलसं वाटलं, परत पांघरुणात शिरला. त्याच रात्री टी भडकला. पुढे त्यानं लिहिलं की चूक माझीच, पण त्या ताऱ्यानंही जरा माझा विचार करायला हवा होता, आणि आता आमच्यात पूर्वीसारखं राहिलं नाही.

---

कूलर_दुरुस्ती | २४ एप्रिल, सकाळी ८:१०

२५ वर्षं!! आणि सर्दी!! अरे बाप्पा.

---

मानेवाडा_एक्स्प्रेस | २४ एप्रिल, दुपारी १२:१५

मी आता जरा वाचून आलो (अल्फेकाचा डाग धुवायला). ज्येष्ठा पण लाल राक्षसी आहे आणि तिलाही गरम निळा जोडीदार आहे असं वाचलं. मग तीही सहजीवी का? ती तर वृश्चिकेत डोळ्यांनी दिसते, आपण तिलाच पाहू न.

---

अवकाशवेडी | २४ एप्रिल, दुपारी ३:०२

चांगला प्रश्न, डाग गेला. तिचा जोडीदार गरम आहे पण साधा, धडधाकट तारा आहे आणि खूप लांबून फिरतो, एका फेरीला शेकडो वर्षांहून जास्त लागतात. ज्येष्ठेच्या वाऱ्याचा काही भाग तोही उजळवतो, पण अंगावर साचवून पेटवणं वगैरे नाही. म्हणून तिला या यादीत धरत नाहीत. डोळ्यांच्या टप्प्यात येणारं जवळचं उदाहरण हवं असेल तर कुंभ राशीतला आर अॅक्वेरी, सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर. त्यातला राक्षसी तारा ३८७ दिवसांच्या चक्रात फुगतो-आक्रसतो, दोघांची फेरी चाळीसेक वर्षांची, आणि भोवती उधळलेला तेजोमेघ. हबलचे त्याचे फोटो शोधून बघा. तो मात्र पहाटेचा गडी, आता पावसाळ्यानंतरच.

---

अवकाशवेडी | २४ एप्रिल, रात्री १०:३७

हे वेगळं लिहिते कारण हे सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही, आणि हे नागपूरकरांनीच ऐकायला हवं.

या सहजीवी ताऱ्यांच्या वर्णपटात दोन रुंद रेषा दिसायच्या, लाल रंगात, ६८२.५ आणि ७०८.२ नॅनोमीटरला. निम्म्याच्या आसपास सहजीवी ताऱ्यांत आहेत आणि दुसरीकडे कुठंच नाहीत. अनेक वर्षं कोणालाच कळेना कोणत्या मूलद्रव्याच्या. कुठल्याच यादीत बसेनात. १९८९ साली हान्स मार्टिन श्मिड या स्विस शास्त्रज्ञानं कोडं सोडवलं. गरम बटूजवळचा ऑक्सिजन, पाच इलेक्ट्रॉन गमावलेला, १०३.२ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतो. ते किरण राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यातल्या थंड हायड्रोजनवर आदळतात. हायड्रोजन त्यातली थोडी ऊर्जा स्वतःजवळ ठेवून घेतो आणि उरलेली सोडून देतो. उरलेली म्हणजे किती, तर नेमकी ६८२.५ नॅनोमीटरची. अतिनील आत गेलं, लाल बाहेर आलं.

प्रकाशानं आदळून रंग बदलणं, याला काय म्हणतात? रमण परिणाम! १९२८ साली कोलकात्यात शोधलेला, तोच. गांधीसागरसमोरचं आपलं रमण विज्ञान केंद्र ज्यांच्या नावानं आहे ते सी. व्ही. रमण, आणि ते स्वतः १९१० मध्ये वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. आणि हा परिणाम दिसायला दोन्ही लागतात, बटूचे जहाल किरण आणि राक्षसाचा गार हायड्रोजन, दोन्ही शेजारी शेजारी. एक नसेल तर रेषा नाही. म्हणून आता या रेषा दिसल्या की तेवढ्यावरच तारा सहजीवी म्हणून पकडतात. शुद्धलेखन साहेब, परजीवी म्हणायचं असेल तर म्हणा, पण ही रेषा दोघांची आहे.

---

शुद्धलेखन_पुणे | २५ एप्रिल, सकाळी ७:५०

मागे घेतो. (शब्द, लेखन नव्हे.)

---

महालचे_काका | २५ एप्रिल, सकाळी ८:२५

मी पंचवीस वेळा नातवंडांना घेऊन त्या केंद्रात गेलो, तारांगणात झोपलो, एसी चांगला आहे. हे कोणी नाही सांगितलं मले. ती ठेवून घेतलेली ऊर्जा म्हणजे पागडी समजायची का?

---

अवकाशवेडी | २५ एप्रिल, सकाळी ८:३१

काका, अगदी तंतोतंत.

---

अमरावतीकर | २५ एप्रिल, सकाळी ११:११

२०२१ मध्ये पण असाच एक भडकला होता न? भुजंगधारी तारकासमूहातला? तेव्हा का नाही आपण धागा काढला?

---

निरीक्षक_२१उत्तर | २५ एप्रिल, दुपारी १:५०

आरएस ऑफियुची. ८ ऑगस्ट २०२१. धागा नाही काढला कारण ऐन पावसाळा होता, अकरा रात्री गच्चीवर चढलो आणि अकरा वेळा भिजून खाली आलो. सहजीवी ताऱ्यातला स्फोट वेगळा का असतो ते त्यात छान दिसलं होतं. साध्या नवताऱ्याभोवती मोकळी जागा असते. इथं स्फोटाचं कवच थेट राक्षसी ताऱ्याच्या दाट वाऱ्यात घुसतं, सेकंदाला हजारो किलोमीटरनं, आणि धक्क्याची लाट तयार होते, क्ष-किरण, गॅमा किरण, रेडिओ, सगळं येतं. २०२१ ला नामिबियातल्या हेस आणि ला पाल्मावरच्या मॅजिक दुर्बिणींनी त्याचे अतितीव्र गॅमा किरण पकडले. आणि त्याच्या आधीच्या, २००६ च्या स्फोटाचे कमी वारंवारतेचे रेडिओ तरंग आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं टिपले होते. आत्तापर्यंत १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६, २०२१. त्याचा काही भरवसा नाही, टी त्या मानानं शिस्तीचा.

बरं. उद्या शनिवार, परवा अमावास्या. मी आठ इंची दुर्बीण घेऊन पेंचकडे, सिल्लारीच्या बाजूला जाऊन राहिलो. गाडीत तीन जागा. २०२४ पासून ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे आणि आपल्यापासून दोन तासांच्या आत, तरी नागपूरकर तिथं फक्त वाघ बघायला जातात.

---

गच्चीवरची_बाज | २५ एप्रिल, दुपारी १:५४

दोन जागा आमच्या!!

---

कूलर_दुरुस्ती | २५ एप्रिल, दुपारी २:४०

सीझन आहे भाऊ, जमत नाही. तिसरी जागा मानेवाड्याच्या पोराला द्या.

---

गच्चीवरची_बाज | २७ एप्रिल, सकाळी ११:२०

परत आलो, पोरगी अजून झोपलेली आहे. रिपोर्ट लिहायला सांगितलंय तर लिहितो, पण शब्द कमी पडतील.

आधी तर मला मुकुट सापडेचना. नागपुरात पाच तारे दिसतात म्हणून ओळख पटकन होते, तिथं इतके होते की वाटी कोणती तेच कळेना. एप्सिलॉन डोळ्यांनी आरामात. रातवा एकसारखा टकटक ओरडत होता, मध्येच चितळाचा कॉल आला आणि मानेवाडा एक्स्प्रेस थेट गाडीत जाऊन बसले (त्यांनी लिहू नका म्हटलं होतं). बाराच्या पुढं निरीक्षक साहेबांनी नकाशा लावून, एकेक तारा मोजत मोजत दुर्बीण आणली आणि म्हणाले, बघा, तो मधला. एक ठिपका. बाजूच्या ठिपक्यांसारखाच. मला किंचित नारिंगी वाटला, पण मनाचं असेल.

पोरीनं पाच मिनिटं डोळा लावून ठेवला आणि मग विचारलं, यातला मी कोणता बघतेय? मोठा की लहान? निरीक्षक साहेब म्हणाले, मोठा. डोळ्यांना दिसणारा जवळपास सगळा प्रकाश राक्षसी ताऱ्याचा, बटू त्याच्या उजेडात हरवलेला आहे, तो अतिनील आणि क्ष-किरणांत सापडतो. ज्या दिवशी भडकेल त्या दिवशी मात्र जे दिसेल ते बटूचं, मोठा त्यात बुडून जाईल. तेही आठवडाभरच डोळ्यांनी, मग दुर्बीण, महिन्याभरात परत जैसे थे.

येताना गाडीत ती म्हणाली, म्हणजे आज मी मोठ्याला बघून घेतलं, आता फक्त लहान राहिला.

---

महालचे_काका | २७ एप्रिल, दुपारी १२:०५

घरमालक पाहून आली पोरगी. किरायेदार घरी नव्हता.

---

मानेवाडा_एक्स्प्रेस | २७ एप्रिल, दुपारी १२:३०

चितळ नव्हतं ते, काहीतरी मोठं होतं. सांगून ठेवतो.

---

निरीक्षक_२१उत्तर | २७ एप्रिल, संध्याकाळी ७:००

चितळच होतं.

आता कामाचं बोलतो. जूनमध्ये ढग आले की आपण चार महिने आंधळे. तोपर्यंत रोज एकानं तरी बघून इथं एक ओळ टाकायची. वेळ, आकाश कसं, अल्फेका एक का दोन. 'दिसला नाही' हीसुद्धा नोंद असते, ती घड्याळ लावून लिहिली तर. पहाटेची पाळी कोण घेतं?

---

महालचे_काका | २७ एप्रिल, संध्याकाळी ७:१२

मी. तसाही चारला उठतोच, म्हातारा राक्षस आहे मी.

---

गच्चीवरची_बाज | २७ एप्रिल, रात्री ११:४४

पोरगी सांगून राहिली तसंच टाइप करतो.

२७ एप्रिल, ११:४०. गच्ची, धरमपेठ. आकाश धुळकट. स्वाती छान. अल्फेका एक. एप्सिलॉन फक्त दुर्बिणीतून. टी दिसला नाही. मच्छर खूप.

---

महालचे_काका | २८ एप्रिल, पहाटे ४:२१

४:१५. महाल. शेजाऱ्याची पाण्याची टाकी मधात येऊन राहिली पण मुकुट पश्चिमेकडे कलला आहे, दिसते. अल्फेका एकच. ओव्हरफ्लो चालू आहे, टाकीचा.